पुढील ग्रामसभेपर्यंत

सरांचा उजवा गुडघा गेलेला होता आणि तरी ते काठी वापरत नव्हते. दोन्ही गोष्टी गावाला माहीत होत्या. दुसरीचं कारण मात्र थोड्यांनाच माहीत होतं. आमच्या जिल्ह्यात जमावबंदी आणि शस्त्रबंदीचा आदेश लागू असायचा, आणि त्या आदेशात तलवारी, भाले, बंदुका यांच्या रांगेत काठ्या आणि लाठ्याही असायच्या. आदेश पंधरा दिवसांचा. पंधरा दिवस भरत आले की पुढचा निघायचा. पेपरात आतल्या पानावर, बाजारभावाच्या खाली चार ओळी यायच्या. सण, मोर्चा, निवडणूक, असं काहीतरी कारण दिलेलं असायचं. कधी नुसतंच 'कायदा व सुव्यवस्था'. दोन आदेशांच्या मधे एखादा दिवस मोकळा गेला असेलही, मी छातीठोक सांगणार नाही. सर सांगायचे, गेला नाही.

त्या आदेशात म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना काठीची सूट असते. मी एकदा ती ओळ त्यांना बोट ठेवून दाखवली.

'सर, तुम्हाला चालते. घ्या काठी.'

'सूट घेतली म्हणजे बंदी मानली असं होतं.'

'मग काठी न घेणं म्हणजे काय? तेही मानणंच की.'

'ते पाळणं झालं. पाळणं वेगळं, मानणं वेगळं,' असं म्हणून ते माझ्या दुकानाचा खांब धरून पायरी उतरले.

माझं खता-बियाण्याचं दुकान आहे, ताडकळसच्या रस्त्यानं गावात शिरताना डाव्या हाताला. सर निवृत्त होऊन गावी आले ते माझ्या दुकानामागच्याच घरात. आठवी ते दहावी त्यांनी मला नागरिकशास्त्र शिकवलं होतं. पेपर माझ्याकडं यायचा, म्हणून ते रोज सकाळी यायचे. पहिलं पान ते बघत नसत. आतलं पान उघडून आदेश वाढला का तेवढं पाहायचे, वाढला असला की मान हलवायचे आणि पेपर घडी घालून परत द्यायचे. पाऊस आला की नाही हे शेतकरी जसं आभाळाकडं बघून बोलतो, तसं ते म्हणायचे, 'वाढला.'

दुकानाशेजारी चहाची टपरी आहे. तिथं चौघं बसलेले असले आणि सर आले, तर सर पाचवे व्हायचे. पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र जमायचं नाही, असंही त्याच आदेशात असतं. मग ते रस्त्यापलीकडच्या लिंबाच्या पारावर बसायचे आणि तिथून मोठ्यानं बोलायचे.

'सर, या की इकडं. मी उठतो,' कोणीतरी म्हणायचं.

'उठू नको. तू आधीचा आहेस.'

'सर, मला धरून पाचच होत्यात इथं,' टपरीवाला म्हणायचा. 'मी बी येऊ का तिकडं?'

'तू धंद्यावर आहेस. तुझा चहा पाठव.'

चहा रस्ता ओलांडून जायचा. एसटी आली की बोलणं मधे थांबायचं. बाहेरगावचा माणूस असेल तर त्याला वाटायचं, ह्या म्हाताऱ्याला वाळीत टाकलंय.

शाळेतही ते असेच होते. आमच्या शाळेत पाण्याची टाकी होती आणि तिच्यावर 'हे पाणी पिण्यास योग्य नाही' असं लिहिलेलं होतं. मी शाळेत जायच्या आधी कधीतरी पोरांना जुलाब झाले होते, तेव्हाचं ते. पुढं ती टाकी पाडून नवी बांधली. दर पंधरा ऑगस्टच्या आधी शाळेला रंग द्यायचे आणि रंगारी जुनी अक्षरं गिरवायचा. नवी टाकी आली तेव्हा गिरवायला अक्षरं नव्हती, म्हणून त्यानं ती नव्यानं काढली, तेवढ्याच मोठ्या आकारात. आम्ही सगळे तेच पाणी पीत होतो. मास्तर लोकही पीत होते. एके दिवशी सर आम्हाला वर्गातून उठवून टाकीपाशी घेऊन गेले.

'हे कोणी लिहिलं?'

'रंगाऱ्यानं, सर.'

'त्याला कोणी सांगितलं?'

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. 'कोणीच न्हाई.'

'हा आजचा धडा,' ते म्हणाले, आणि टाकीच्या नळाला तोंड लावून पाणी प्याले. परीक्षेत त्यावर प्रश्न आला नाही.

सगळ्यांना ठाऊक असलेली आणीबाणी पंच्याहत्तरची. सर तिच्याबद्दल फारसं बोलत नसत. त्यांचा जीव एकाहत्तरच्या आणीबाणीत अडकलेला होता. युद्धासाठी ती लागली, युद्ध दोन आठवड्यांत संपलं, आणि ती सत्याहत्तरपर्यंत तशीच राहिली. पंच्याहत्तरची तिच्या अंगावर चढवलेली दुसरी. 'एक सदरा अंगात असताना दुसरा घातला,' ते म्हणायचे. 'आतला काढायचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.' आता संसदेला दर सहा महिन्यांनी मतदान करून ती वाढवावी लागते, ही दुरुस्ती त्यांना पाठ होती. ते कलम ते आरतीसारखं म्हणायचे.

आणि नोव्हेंबरात ते गूळ-शेंगदाणे वाटायचे. पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातावर ठेवले तेव्हा मी विचारलं, 'काय आहे, सर?'

'वाढदिवस.'

'कुणाचा? नातवाचा?'

'आणीबाणीचा. अमेरिकेची आहे, इराणच्या भांडणातली. एकोणऐंशी साली जाहीर केली. दर वर्षी राष्ट्राध्यक्ष एक पत्रक काढतो, की धोका अजून टळलेला नाही, सबब आणखी एक वर्ष. माणसं बदलली, पक्ष बदलले, पत्रक तेच. वर्षाच्या आत पत्रक काढलं नाही तर ती आपोआप मरते. पण एकही जण विसरलेला नाही बघ. बायकोचा वाढदिवस विसरत असतील.'

मला हे अतिशयोक्त वाटलं. मी नंतर पोराच्या मोबाइलवर तपासलं. खरं निघालं. आणि ती एकटी नव्हती, तशा पुष्कळ होत्या. सर फक्त सगळ्यात थोरलीचा वाढदिवस करायचे.

सरांच्या घरीही एक बंदी होती. त्यांची साखर एकदा वाढली तेव्हा बाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, चहातली साखर महिनाभर बंद केली. महिना भरल्यावर सरांनी रीतसर विषय काढला. मी तेव्हा तिथंच बसलो होतो.

'तपासणी झाली. साखर उतरली आहे. आता बंदी उठवावी.'

'कशानं उतरली?' बाई म्हणाल्या.

'बंदीनं.'

'मंग? उठवून पुन्हा चढवायची का?'

पुढच्या महिन्यात साखर थोडी वाढलेली निघाली. सरांनी पुन्हा विषय काढला. 'बंदी असून वाढली. म्हणजे बंदीचा उपयोग नाही.'

'बंदी असून एवढी वाढली,' बाई म्हणाल्या, 'नसती तर किती वाढली असती, बगा.'

सर माझ्याकडं वळून म्हणाले, 'ही मुंबईला मंत्रालयात पाहिजे होती.' बाईंनी बिनसाखरेचा चहा त्यांच्यापुढं आणि साखरेचा माझ्यापुढं ठेवला.

हे मी एवढ्यासाठी सांगितलं, की पुढं गावात जे झालं त्याचा सगळा युक्तिवाद सरांनी आधी घरात ऐकलेला होता. तरी त्यांना तो ओळखायला वेळ लागला.

एका श्रावणात भरदिवसा कौसाबाईच्या घरी चोरी झाली. कौसाबाई विधवा बाई, थोडी कोरडवाहू जमीन. मुलगा आणि सून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. त्या दिवशी तिघंही खुरपायला गेली होती. आली तेव्हा कुलूप तुटलेलं, पेटी उघडी, आणि सोन्याची पोत अन् पाटल्या गेलेल्या. पोलीस आले, पंचनामा झाला. माल मिळाला नाही, चोर मिळाला नाही.

चार-पाच दिवसांनी पंधरा ऑगस्टची ग्रामसभा होती. मारुतीच्या सभामंडपात माणसं मावत नव्हती. ठराव मांडला गेला: फिरस्त्या लोकांना गावाच्या हद्दीत मुक्काम करू देऊ नये. गाव घाबरलेलं होतं आणि घाबरलेल्या माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटायला हवं असतं. सर उठले. असा ठराव करायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे का, असं त्यांनी विचारलं. मग ते म्हणाले, 'करायचाच असेल तर मुदत घाला. पुढील ग्रामसभेपर्यंत. त्या दिवशी कोणी वाढवला नाही तर तो संपला.'

'घाला की,' सरपंच म्हणाले. 'सर म्हणायलेत तर घाला. आपल्याला कुठं कायमचा करायचाय?'

ग्रामसेवकानं ते दोन शब्द घातले. सर त्या दिवशी खुशीत होते. सभेनंतर त्यांनी टपरीवर स्वतःच्या पैशानं चहा पाजला. 'देशाला जे एकाहत्तर साली सुचलं नाही ते आपल्या गावाला सुचलं,' असं काहीतरी म्हणाले.

वर्षात आमच्याकडं चार ग्रामसभा होतात. पुढची दोन ऑक्टोबरला होती. सरपंचांनी वाचलं: 'कौसाबाईंच्या घरी झालेल्या चोरीमुळं केलेला ठराव पुढील ग्रामसभेपर्यंत वाढवण्यात येत आहे.' कारण, आता माणसं तोडीला जातील, घरं बंद राहतील. सव्वीस जानेवारीला वाढला. माणसं अजून आली नव्हती. एक मेला वाढला. लग्नसराई होती, दागिने पेटीबाहेर निघतात. त्यानंतरच्या पंधरा ऑगस्टपर्यंत आभाळात रात्री लाईट फिरतात अशी आवई उठली होती. ड्रोननं घरं हेरतात म्हणत.

'घिसाडी विमानातून येतात का?' सरांनी विचारलं. सभामंडप हसला, आणि ठराव वाढला.

दर वेळी सर उठून एकच गोष्ट विचारायचे, 'मागच्या सभेपासून काय घडलं?'

'काहीच न्हाई, सर,' सरपंच म्हणायचे.

'मग उठवा.'

'बंदी हाय म्हणून काही घडलं न्हाई.'

एकदा शेजारच्या गावात विहिरीवरची मोटार चोरीला गेली होती. तेव्हा उत्तर आलं, 'मोटर गेली की वो. आता तर पायजेच.'

त्या दिवशी सर खाली बसताना मला म्हणाले, 'अरे, हे मी कुठंतरी ऐकलंय.' मी म्हणालो, 'तुमच्या स्वैपाकघरात.' ते हसले नाहीत.

आता घिसाड्यांबद्दल. फिरस्ते म्हणजे कोण, हे ठरावात लिहिलेलं नव्हतं. वासुदेव सकाळी येऊन सकाळीच जातो, भांडीवाला मोटारसायकलवर येतो. आमच्या गावात मुक्काम करणारे असे घिसाडीच होते. शेवंता, तिचा नवरा आणि दिराचं कुटुंब. वर्षातून दोनदा यायचे, पेरणीच्या आधी आणि दसऱ्यानंतर. पूर्वी बैलगाडीतून, अलीकडं एका जुन्या टेम्पोतून. बारवेजवळ चिंचेखाली ऐरण रोवायचे. नवरा बसून सांडशीत लाल लोखंड धरायचा आणि शेवंता उभी राहून घण घालायची. पेरणीच्या आधी फाळ, कुऱ्हाडी, विळे, दसऱ्यानंतर कोयते. तोडीला जाणारी प्रत्येक जोडी आपले कोयते तिच्याकडून पाजवून घ्यायची. बाजारात तयार कोयता मिळतो, पण तो पहिल्या पंधरवड्यातच तोंड टाकतो असं तोडणारी माणसं सांगतात. मी ऊस तोडलेला नाही; ती म्हणतात ते मी लिहितो आहे.

चोरी झाली तेव्हा घिसाडी गावात नव्हते. हे मी खात्रीनं सांगू शकतो. पेरणीआधी ते येऊन गेले होते आणि त्यानंतर दसऱ्याच्या आत ते कधी आलेले नाहीत. गावातही कोणी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. नाव न घेताच ते काम झालं होतं.

बंदीनंतर ते कालव्याच्या पुलापलीकडं, आमच्या शिवेबाहेर थांबायला लागले. तिथं सावली नाही, प्यायचं पाणी नाही. तेवढ्या लांब दोन-चार माणसं गेली, बाकीच्यांनी बाजारातले कोयते घेतले. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात शेवंता माझ्या दुकानावर आली. सर पेपर वाचत होते.

'गुरुजी, उठली का वो तुमची ती?'

'नाही.'

'कवा उठंल?'

'पंधरा ऑगस्टला सभा आहे.'

'मागच्या बारीला सव्वीस जानेवारी म्हणले व्हते.'

मी तिला पाणी दिलं. तांब्या खाली ठेवून ती म्हणाली, 'बाजूच्या दोन गावानं बी तसंच केलंय. म्हणत्यात, तुमच्या गावानं केलंय म्हंजी काहीतरी असंलच. आता आमी ऐरण रोवायची कुठं? डांबरावर?'

'दुसरीकडची गावं?'

'हायत की. लांब हायत. डिझेल कोण घालतंय?' ती चिडलेली नव्हती. हिशेब सांगावा तसं सांगत होती. 'ह्या दसऱ्याला बगणार. न्हाई जमलं तर ऐरण भंगारात घालायची अन् पुण्याला बांधकामावर जायाचं. दिराचं तर ठरलंच हाय.'

ती गेल्यावर सरांनी पेपराची घडी घातली. 'त्या दोन गावांच्या ठरावात मुदत आहे का, विचारायचं राहिलं,' ते म्हणाले. मी त्यांच्याकडं पाहिलं. मुदत तर आपल्याही ठरावात होती, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. ते घरी गेले.

सरपंच वाईट माणूस नाही. तो युरिया घ्यायला आला असताना सरांनी त्याला गाठलं. तोही सरांचाच विद्यार्थी, माझ्यापेक्षा दोन वर्ग खाली.

'तुला खरंच वाटतं, घिसाडी चोऱ्या करतात?'

'न्हाई वाटत, सर.'

'मग?'

'मला काय हौस हाय का? आज उठवली अन् उद्या कुणाच्या घरी वाटी जरी गेली, तरी गाव म्हणंल सरपंचानं बंदी उठवली म्हणून गेली. चालू ठेवली तर मला कोण काय विचारतंय? तुमी एकटे विचारता. तुमचं मी ऐकून घेतो.'

'म्हणजे माझं ऐकून घेणं हा तुझ्या बंदोबस्ताचा भाग आहे.'

'तसं न्हाई वो, सर,' सरपंच हसत म्हणाला. 'पण तुमी बोलला की सभा झाल्यासारखी वाटती.'

हे ऐकून सरांचा चेहरा कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. इतक्या सभांना ते गुडघा धरून उठले होते, आणि त्यांचं ते उठणं आता कार्यक्रमपत्रिकेत जाऊन बसलं होतं, जनगणमनच्या थोडं आधी.

पंधरा ऑगस्टला ते उठले नाहीत. ठराव वाढला.

मग दोन ऑक्टोबर आला. दसरा तोंडावर होता. सभेला माणसं कमी होती; विषय पीकविम्याचा होता, त्यासाठी जी आली ती आली. बायका नेहमीप्रमाणं उजवीकडं, खांबांच्या पलीकडं बसल्या होत्या. पीकविम्यावर आरडाओरडा झाल्यावर सरपंचांनी कागद उचलला आणि वाचलं, 'कौसाबाईंच्या घरी झालेल्या चोरीमुळं...'

'माझं नाव काढा त्यातून,' खांबापलीकडून आवाज आला.

सरपंच थांबले. 'काय म्हणालाव, काकू?'

कौसाबाई उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर पुढं ओढला. 'माझं नाव काढा म्हणलं. दर बारीला वाचायलाव. मला इच्यारलं का कुणी?'

'आवं, तुमच्यासाठीच हाय की ती बंदी.'

'माझ्यासाठी? माझं गेलं ते गेलं. मी माझ्या दाराला मोठं कुलूप घातलं. गावाला घाला असं म्हणलं का मी? पोरगा मागच्या साली बाजारातला कोयता घेऊन गेला. कोयत्याचं तोंड मोडून आला. सुनेच्या हाताला अजून फोडांचे वण हायत. अन् तुमी म्हणायलाव कौसाबाईसाठी!'

सरपंच ग्रामसेवकाकडं पाहायला लागले. ग्रामसेवक बाहेरगावचा, तरुण, शांत माणूस. त्यानं कागद हातात घेतला, पेननं एक रेघ मारली, वर काहीतरी लिहिलं आणि परत दिला.

सरपंचांनी वाचलं, 'सुरक्षेच्या कारणास्तव पुढील ग्रामसभेपर्यंत वाढवण्यात येत आहे.'

हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. मीही खाली बसून मोजत होतो. मोजायला लागावं इतका थोडा फरक नव्हता. कौसाबाई थोडा वेळ तशीच उभी राहिली. तिला वाटलं असावं, आपण जे म्हणालो ते झालं आहे. नाव निघालं आहे. मग शेजारच्या बाईनं तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं.

परत येताना सर माझ्या खांद्याला धरून चालत होते. शाळेच्या कंपाउंडपाशी ते थांबले. मग म्हणाले, 'इतक्या वेळा उठलो मी. काय घडलं, काय घडलं, म्हणून सरपंचाला विचारलं. जिच्या घरी घडलं तिला एकदा तरी विचारावं की नाही?'

मी म्हणालो, 'विचारून तरी काय झालं असतं, सर? आज तिनं सांगितलंच की.'

'हो. आणि आता कारणाला घरच राहिलं नाही. पोत सापडली असती तर निदान त्या वाक्याला अडचण आली असती. सुरक्षा कुठं सापडायची आहे?'

मला वाटलं ते आजारी पडतील. पडले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपर वाचायला आले.

दसरा झाला. त्यानंतर तिसऱ्या का चौथ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो तेव्हा घणाचा आवाज आला. कालव्याकडून नाही, गावातून. आवाजाच्या दिशेनं गेलो. कौसाबाईच्या अंगणात, गोठ्याच्या कडेला, ऐरण रोवलेली होती. टेम्पो भिंतीला लावलेला. भाता चालू होता, शेवंताचा नवरा सांडशी धरून बसला होता आणि शेवंता पदर खोचून घण घालत होती. दीर आला नव्हता. तो पुण्याला गेला होता. पहिला कोयता कौसाबाईच्या मुलाचा होता.

सरपंच आले. दारातच थांबले.

'काकू, ठराव हाय.'

'मोडला मी,' कौसाबाई म्हणाली. ती पाणी शेंदत होती, थांबली नाही. 'लिवून घ्या.'

'दंड पडंल.'

'पडू द्या. आधी माझी पोत हुडकून आणा, अन् त्यातूनच वळता करून घ्या.'

बघायला आलेल्या बायका हसल्या. सरपंचही हसले असते, पण पदावर असल्यामुळं त्यांना ते जमलं नाही. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. दंड कोणाला लावायचा आणि कशासाठी, हा प्रश्न सोडवायला तिथं ग्रामसेवक नव्हता. ते माघारी गेले. दुपारी आले तेव्हा त्यांच्या हातात दोन कोयते आणि एक कुऱ्हाड होती. त्यांचा चुलतभाऊ तोडीला जातो.

त्या दिवशी कोणी बंदी उठवली नाही. त्यानंतरच्या सव्वीस जानेवारीला ती रीतसर वाढली, आणि पुढंही वाढत गेली. ऐरण भंगारात गेली नाही. वर्षातून दोनदा ती कौसाबाईच्या अंगणात रोवली जाते, आणि कौसाबाईचा मुलगाही त्या सभांना हात वर करतो. मी त्याला एकदा विचारलं. 'करावा लागतो,' तो म्हणाला, 'सगळेच करायलेत.' सर त्यानंतर दोन पावसाळे होते. तिसऱ्या उन्हाळ्यात गेले. बाई आता मुलाकडं नांदेडला असतात.

पण मला सर आठवतात ते त्याच दुपारचे. तेही आले, हळूहळू, भिंतीच्या आधारानं. त्यांना शेती नव्हती. त्यांनी घरातली विळी पेपरात गुंडाळून आणली होती. सरपंचांच्या मागं त्यांचा नंबर होता. कौसाबाईनं त्यांना बसायला पाट दिला. त्यांनी तो घेतला आणि ऐरणीपासून थोड्या अंतरावर बसून बराच वेळ नुसते बघत राहिले. लोखंड लाल व्हायचं, घण पडायचा, ठिणग्या शेणानं सारवलेल्या अंगणात विझायच्या. मग त्यांनी विचारलं,

'शेवंताबाई, मुक्काम कुठवर आहे?'

शेवंतानं घण खाली टेकवला आणि कपाळ पुसलं. 'काम हाय तवर, गुरुजी.'

'आणि काम संपल्यावर?'

'उठायचं,' ती म्हणाली. असलं काय विचारतात, अशा नजरेनं तिनं त्यांच्याकडं पाहिलं. 'काम सरल्यावर उगं बसून काय करावं?'

सर हसायला लागले. ते फार हसणारे नव्हते. त्या दिवशी त्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. कौसाबाईनं पाणी दिलं. पाणी पिऊन ते सरपंचांकडं वळले.

'ऐकलंस का?'

सरपंच नुकत्याच पाजवलेल्या कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवत होते.

'काय, सर?' ते म्हणाले.